‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे नेमके काय?

काही वर्षांपूर्वी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आमच्या चमूत एक नवा सहकारी रुजू झाला. आम्ही तेव्हा एका नियतकालिकाच्या वर्गणीदारांची प्रणाली सांभाळत होतो. वर्गणी भरून घेणे, मुदत संपत आली की आठवण करणे, नूतनीकरण, ऑनलाइन अंक वाचण्याची परवानगी असा तिचा पसारा होता आणि त्यातली बरीच मांडणी माझ्या हातची होती. आठवडाभर शांतपणे कोड वाचून झाल्यावर त्याने मला विचारले, ‘‘वर्गणीदारांच्या टेबलमध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह’ नावाचा एक कॉलम आहे. अ‍ॅक्टिव्ह म्हणजे नेमके काय?’’ प्रश्न इतका साधा होता की मी लगेच उत्तर द्यायला सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्याच्या मध्यावर थांबले. ज्याची वर्गणी चालू आहे तो, असे मी म्हणणार होते. पण मुदत संपल्यानंतरही १५ दिवस आम्ही अंक वाचू देत असू आणि त्या काळातही हा कॉलम ‘होय’ असाच राहत असे. मग ज्याला अंक वाचता येतो तो अ‍ॅक्टिव्ह, असे म्हणावे, तर पाहुणा वाचक म्हणून काही दिवसांपुरती परवानगी मिळालेल्यांच्या नावापुढे ‘नाही’ असे आणि तरीही त्यांना अंक वाचता येत असे.

त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून तो कॉलम कोठे कोठे वाचला जातो हे शोधून काढले. हिशेबाच्या भागाने त्याचा अर्थ ‘पैसे आलेले आहेत’ असा घेतला होता. प्रवेशाच्या भागाने ‘याला आत येऊ द्यावे’ असा घेतला होता. स्मरणपत्रे पाठवणाऱ्या भागाने ‘याला पत्र पाठवायला हरकत नाही’ असे गृहीत धरले होते. आणि अहवालाच्या भागाने त्याच कॉलमला आणखी एक अट जोडून, गेल्या ३० दिवसांत एकदा तरी अंक उघडलेल्या वर्गणीदारालाच अ‍ॅक्टिव्ह हे नाव दिले होते. चारही भाग आपापल्या जागी बरोबर होते. कोणत्याही एका भागात बोट ठेवावे असा बग, म्हणजे कोडमधली चूक, नव्हता. तरीही संपादकांना मिळणारा आकडा आणि हिशेब पाहणाऱ्यांना मिळणारा आकडा कधीच जुळत नसे आणि आम्ही कित्येक महिने बेरजेतली चूक शोधत बसलो होतो.

तोपर्यंत डिझाइन म्हणजे चौकटी आणि बाण, असे माझ्या मनात पक्के होते. कोणते मॉड्यूल, म्हणजे प्रणालीचा कोणता भाग, कोणाशी बोलेल, कोणती माहिती कोणत्या टेबलमध्ये राहील, भार वाढला तर काय वेगळे करायचे, हे ठरले की डिझाइन झाले. ते सगळे करावे लागतेच. पण त्या चौकटींत जे शब्द लिहिले जातात त्यांचा अर्थ ठरवणे आणि तो दुसऱ्याला सांगता येईल अशा रीतीने मांडणे हे डिझाइनचे मुख्य काम आहे, आणि कोड, टेबलांची नावे, पडद्यावरचे शब्द, एरर मेसेज, टेस्ट ही सगळी तो अर्थ सांगण्याची साधने आहेत, असे मला आता वाटते. एखादी गोष्ट समजावून सांगता येत नसेल तर तिचे डॉक्युमेंटेशन राहिले आहे असे आपण म्हणतो. बहुतेक वेळा राहिलेले असते ते ठरवणे.

मराठीत आपण अर्थ ‘सांगतो’ आणि अर्थ ‘लावतो’, आणि या दोन क्रियापदांतला फरक आमच्या व्यवसायात रोज भेटतो. लिहिणाऱ्याने अर्थ सांगितलेला नसला की वाचणाऱ्याला तो लावावा लागतो. यंत्राला याचे काही सोयरसुतक नसते. त्याच्या दृष्टीने त्या कॉलममध्ये फक्त शून्य किंवा एक असते. अर्थ लावण्याचे काम माणसाकडे येते, आणि प्रत्येक माणूस समोर असलेल्या गरजेपुरता तो लावतो. आमच्या प्रणालीत चार माणसांनी चार वेगवेगळ्या वर्षी तो कॉलम वाचला, प्रत्येकाने प्रामाणिकपणे अर्थ लावला आणि पुढे गेला. त्यांच्यापैकी एकाचीही चूक नव्हती. कॉलम निर्माण करताना मी अर्थ सांगितला नव्हता, ही चूक माझी होती.

प्रोग्रामला अर्थ असतो आणि तो प्रोग्रामपासून वेगळा मांडता येतो, ही कल्पना नवी नाही. संगणकशास्त्रज्ञ रॉबर्ट फ्लॉइड यांनी १९६७ मध्ये एक निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकाचाच आशय ‘प्रोग्रामना अर्थ देणे’ असा आहे. त्यांनी केले ते एवढेच, की प्रोग्रामच्या प्रवाहाच्या आकृतीतल्या प्रत्येक बाणावर एक विधान लिहिले: नियंत्रण या ठिकाणी पोहोचेल तेव्हा अमुक गोष्ट खरी असेल. १९६९ मध्ये टोनी होअर यांनी त्यावरून पुढे जाऊन, एखादा कोड चालण्याआधी काय खरे असले पाहिजे आणि चालल्यानंतर काय खरे असेल, अशा जोडीने अर्थ सांगण्याची पद्धत घडवली. या लेखनाकडे सहसा गणिती सिद्धतेचे साधन म्हणून पाहिले जाते. मला त्यात एक अतिशय व्यावहारिक शिस्त दिसते. काय करायचे हे कोड सांगतो. या टप्प्यावर काय खरे आहे हे विधान सांगते. दुसरी गोष्ट लिहायला बसल्यावर पहिली किती अंदाजाने लिहिली होती हे कळते. आमच्या कॉलमशेजारी ‘होय असेल तर अमुक खरे आहे’ असे एक वाक्य लिहायचा मी पहिल्याच दिवशी प्रयत्न केला असता, तर तो कॉलम जन्माला आला नसता.

अर्थ न ठरवता दिलेले नाव किती काळ आणि किती जणांना छळू शकते, याचे माझ्या पाहण्यातले सर्वांत बोलके उदाहरण जावा या प्रोग्रामिंग भाषेतले आहे. १९९६ मध्ये जावाची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिच्यात ‘डेट’ नावाचा एक क्लास, म्हणजे माहिती साठवण्याचा एक प्रकार, होता. नावावरून ती तारीख वाटते. प्रत्यक्षात तिच्या पोटात १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार, मोजलेले मिलिसेकंद असतात. म्हणजे ती तारीख नसून काळाच्या ओघातला एक क्षण आहे. त्या क्षणी एका ठिकाणी सोमवार असेल तर दुसऱ्या ठिकाणी मंगळवार उजाडलेला असू शकतो. तेव्हा ‘ही तारीख कोणती’ हा प्रश्न टाइम झोन सांगितल्याशिवाय विचारताच येत नाही. पण नाव ‘डेट’ असल्यामुळे तो सर्रास विचारला गेला. त्यात भर म्हणून या क्लासमध्ये महिने शून्यापासून मोजले जात आणि वर्ष १९०० वजा करून मिळे. मोजण्याची ही तऱ्हा विचित्र होती खरी, पण ती एकदा पाठ केली की निभावून जात असे. अर्थाचा घोळ पाठ करून सुटणारा नव्हता.

जन्मतारखेचे उदाहरण घेऊ. जन्मतारीख हा क्षण नाही. ती दिनदर्शिकेवरची एक नोंद आहे आणि माणूस जगाच्या पाठीवर कोठेही गेला तरी ती बदलत नाही. ती ‘डेट’मध्ये साठवायची म्हणजे तिला जबरदस्तीने क्षण बनवायचे, आणि तसे करताना बहुतेक जण त्या दिवसाची मध्यरात्र निवडतात. आता ही नोंद पश्चिमेकडच्या टाइम झोनमधल्या संगणकावर उघडली की मध्यरात्रीच्या जागी आदल्या दिवसाची संध्याकाळ येते आणि माणूस एक दिवस आधी जन्मलेला दिसतो. हा बग मी वेगवेगळ्या चमूंत, वेगवेगळ्या भाषांत, इतक्या वेळा पाहिला आहे की तो शोधायला मी आता कोड उघडत नाही; फक्त ‘तुम्ही ही गोष्ट काय म्हणून साठवली आहे?’ असे विचारते.

२०१४ मध्ये जावाच्या आठव्या आवृत्तीत हा भाग नव्याने आला तेव्हा त्याच्या कर्त्यांनी वेग वाढवण्याआधी, सोयी देण्याआधी, एका शब्दाचे अनेक शब्द केले. काळाच्या ओघातला क्षण म्हणजे ‘इन्स्टंट’. दिनदर्शिकेवरची तारीख म्हणजे ‘लोकलडेट’. घड्याळातली वेळ म्हणजे ‘लोकलटाइम’. आणि एखाद्या प्रदेशाच्या नियमांसह असलेली तारीख-वेळ म्हणजे ‘झोन्डडेटटाइम’. या शब्दांमुळे झालेला बदल मला अजून आश्चर्यकारक वाटतो: चुकीचा प्रश्न विचारणेच अवघड झाले. ‘लोकलडेट’ला विचारले की तू कोणता क्षण आहेस, तर तो टाइम झोन दिल्याशिवाय उत्तर देत नाही. स्पष्टीकरण वेगळ्या पुस्तिकेत राहिले नाही. ते शब्दांच्या व्याकरणात गेले.

येथे मला आपला ‘परवा’ आठवतो. तो होऊन गेलेला दिवसही आहे आणि यायचा दिवसही. तरी त्याने आपला कधी घोटाळा होत नाही, कारण ‘परवा गेलो’ आणि ‘परवा जाईन’ यांत क्रियापद शेजारीच उभे असते आणि ते अर्थ पक्का करते. डेटाबेसच्या कॉलममध्ये क्रियापद नसते. तेथे शब्द एकटा राहतो, संदर्भापासून तुटलेला, आणि कित्येक वर्षे तसाच राहतो. बोलताना जे ओझे वाक्य उचलते ते येथे एकट्या नावाला उचलावे लागते. म्हणून सॉफ्टवेअरमधले नाव बोलीतल्या नावापेक्षा अधिक विचाराने निवडावे लागते. उलट दिशेनेही भाषा शिकवते. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक मराठीने आपल्यावर लादलेला आहे. ऐकणाऱ्याला धरून की सोडून, हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरे करता येत नाही. चांगला एपीआय, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलण्याची ठरवून दिलेली रीत, मला तसा वाटतो. जे ठरवणे आवश्यक आहे ते ठरवल्याशिवाय तो वाक्य पुरे होऊ देत नाही.

आणखी एक उदाहरण गिट या, कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाचे आहे आणि ते थोडक्यात सांगते. त्यातली ‘चेकआउट’ ही कमांड अनेक वर्षे दोन कामे करत होती: कामाच्या एका ब्रँचवरून, म्हणजे शाखेवरून, दुसऱ्या ब्रँचवर जाणे आणि एखादी फाइल जुन्या अवस्थेत परत आणणे. पहिले काम सहसा निरुपद्रवी असते, दुसऱ्यात आपण केलेले बदल पुसले जातात. आतल्या यंत्रणेच्या दृष्टीने दोन्हीत साम्य आहे, म्हणून दोघांना एकच नाव मिळाले. वापरणाऱ्याच्या दृष्टीने एक म्हणजे खोली बदलणे आणि दुसरे म्हणजे वहीतले पान फाडणे. २०१९ मध्ये गिटच्या २.२३ या आवृत्तीत ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ अशा दोन स्वतंत्र कमांड आल्या. त्यांनी फारशी नवी शक्ती आणली नाही. तरीही मी त्याला खरे डिझाइन म्हणते, कारण आता शिकवताना ‘किंवा’ म्हणावे लागत नाही.

हा ‘किंवा’ मी फार गंभीरपणे घेते. एखादा भाग समजावून सांगताना माझ्या तोंडी ‘हे अमुक असते किंवा कधी कधी तमुक असते’ असे आले की तेथे दोन गोष्टी एका नावाखाली राहत आहेत अशी माझी खात्री होते. ‘सहसा’ या शब्दाचेही तसेच आहे. त्याच्यामागे न सांगितलेला एक प्रसंग दडलेला असतो. आणि ‘म्हणजे तसे नव्हे, पण’ असे म्हणून मी सांगितलेले परत घेऊ लागले, की मला त्या गोष्टीचे चित्रच नीट दिसत नाही हे मान्य करून थांबावे लागते. मोठा कोड लिहिण्याआधी मी आता एक पान लिहिते, ज्या भाषेत चमू बोलतो त्याच भाषेत, कोडची एकही ओळ न घालता; आणि ते पान अशा माणसाला वाचून दाखवते ज्याला तो भाग ठाऊक नाही. दाखवायला देत नाही, वाचून दाखवते, कारण वाचताना आपला आवाज कोठे घाईने पुढे सरकतो हे आपल्यालाच ऐकू येते.

पण पान लिहिले म्हणजे अर्थ पोहोचला का? डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मध्ये याच प्रश्नाला हात घातला. हे तेच नाउर ज्यांनी ‘अल्गोल ६०’ या प्रोग्रामिंग भाषेचा अहवाल संपादित केला. भाषेचे व्याकरण काटेकोरपणे लिहिण्याच्या ज्या पद्धतीला बॅकस यांच्यासह त्यांचे नाव मिळाले ती आजही वापरात आहे. म्हणजे नेमके लिहिण्याचे सामर्थ्य त्यांना पुरेपूर ठाऊक होते. त्यांनी असे मांडले की प्रोग्रामिंग म्हणजे प्रोग्राम नावाचा मजकूर तयार करणे नव्हे. ते करणाऱ्यांच्या मनात एक उपपत्ती उभी राहते आणि तीच त्या कामाची खरी निष्पत्ती असते. जगातल्या कोणत्या गोष्टीचे प्रोग्राममधल्या कोणत्या गोष्टीशी नाते आहे, प्रत्येक भाग आहे तसा का आहे, आणि नवी मागणी आली तर ती कोठे बसेल, हे सांगता येणे म्हणजे ती उपपत्ती असणे.

त्यांनी दिलेले उदाहरण मला विसरता येत नाही. एका गटाने एक कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, लिहिला. दुसऱ्या गटाला तो विस्तारित भाषेसाठी आणि वेगळ्या संगणकासाठी वाढवायचा होता. दुसऱ्या गटाला कोड मिळाला, सविस्तर कागदपत्रे मिळाली, शिवाय पहिल्या गटाचा सल्लाही मिळत होता. तरीही अनेक महत्त्वाच्या ठिकाणी दुसऱ्या गटाने सुचवलेले उपाय मूळ रचनेत आधीच असलेल्या सोयी न वापरता वरून ठिगळे लावणारे निघाले. पहिल्या गटाला ते पाहताक्षणी कळले आणि रचनेत सहज बसतील असे साधे उपाय त्यांनी लगेच सुचवले. पुढे पहिल्या गटाचे मार्गदर्शन थांबल्यानंतर काही वर्षांनी पहिल्या गटातल्या एकाला त्या कंपायलरमध्ये मूळ रचना ओळखता येत होती, पण वरून चढवलेल्या भरीमुळे ती निष्प्रभ झाली होती. त्यांचा निष्कर्ष कठोर आहे: उपपत्ती धारण करणारी माणसे गेली की प्रोग्राम मरतो, आणि नुसत्या कागदांवरून तो पुन्हा जिवंत करता येत नाही.

मी त्यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत आहे. वर्गणीदारांच्या प्रणालीत मीही तेच पाहिले. पण त्यांच्या उदाहरणातली एक गोष्ट मला नेहमी खुणावते. दुसऱ्या गटाला मिळालेल्या कागदपत्रांत रचना काय आहे हे होते आणि डिझाइनची बरीच चर्चाही होती. तरीही कमी पडले ते प्रसंग आल्यावर त्या कारणांकडे परत जाण्याची सवय, असे मला वाटते. ही सवय माणसांच्या सहवासातच लागते हे खरे. पण कारण ज्या ठिकाणी लागणार आहे त्याच ठिकाणी ते सापडले, तर सवय लागायला निदान निमित्त मिळते.

कारण त्या ठिकाणी न सापडल्याचे परिणाम कोठवर जातात हे ४ जून १९९६ रोजी दिसले. एरियन ५ या युरोपीय अग्निबाणाचे पहिलेच उड्डाण सुरू झाल्यावर सुमारे ४० सेकंदांत तो नष्ट झाला. दिशा आणि गती मोजणाऱ्या यंत्रणेतला एक आकडा, जो आडव्या गतीशी निगडित होता, ६४ बिटांच्या दशांश रूपातून १६ बिटांच्या पूर्णांकात बदलताना मावला नाही. येथवरची हकिकत आमच्या व्यवसायात सगळ्यांना पाठ असते आणि ती ‘मर्यादा तपासायला विसरले’ अशा थाटात सांगितली जाते. पण चौकशी समितीच्या अहवालात याहून विचार करायला लावणारे काही आहे. कोणी विसरले नव्हते. धोका असलेले सात आकडे शोधले गेले होते. संगणकावरचा भार मर्यादेत ठेवायचा होता म्हणून त्यांपैकी चारांना संरक्षण दिले गेले आणि तीन जाणूनबुजून तसेच ठेवले गेले, कारण ते भौतिकदृष्ट्या मर्यादित आहेत किंवा त्यांना भरपूर वाव आहे असा हिशेब होता. तो हिशेब एरियन ४ या आधीच्या अग्निबाणासाठी होता आणि त्याच्यासाठी बरोबर होता. एरियन ५ चा उड्डाणमार्ग वेगळा होता, त्याची आडवी गती सुरुवातीलाच कितीतरी अधिक वाढत असे. कोड एका अग्निबाणातून दुसऱ्यात गेला. त्या निर्णयाचे समर्थन खुद्द कोडमध्ये कोठेही नोंदलेले नव्हते, असे समितीने लिहिले आहे. शिवाय ज्या गणनेत हे घडले ती एरियन ५ मध्ये उड्डाणानंतर कोणत्याही उपयोगाची नव्हती. जुन्या अग्निबाणाच्या गरजेपोटी ती चालू राहिलेली होती.

हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो तो त्या तीन आकड्यांमुळे. त्यांच्यामागे विचार होता, तो योग्य होता, आणि कोणाच्या तरी मनात किंवा फायलीत तो सुरक्षितही होता. एका ओळीची टीप, ‘हा आकडा अमुक मर्यादेबाहेर जात नाही, कारण एरियन ४ ची आडवी गती या काळात इतकीच असते’, एवढी त्या ठिकाणी असती तरी अपघात टळलाच असता असे मी म्हणणार नाही. पण तो कोड उचलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ‘एरियन ४’ हे शब्द आले असते.

कारणे लिहायला सांगितले की माझे सहकारी एक रास्त अडचण मांडतात: आम्ही काही आधी विचार करून, पायरीपायरीने येथे आलेलो नाही; चाचपडत आलो, दोनदा मागे फिरलो, मग हे लिहायचे कसे? डेव्हिड पार्नास आणि पॉल क्लेमेंट्स यांनी १९८६ मध्ये याचे जे उत्तर दिले ते मला पटते. डिझाइनची खरी प्रक्रिया कधीच तर्कशुद्ध नसते हे ते सरळ मान्य करतात आणि तरीही कागदपत्रे अशी लिहावीत की जणू ती तर्कशुद्धच होती, असे सुचवतात. गणितज्ञ सिद्धता ज्या गोंधळातून शोधतो त्या गोंधळासह प्रसिद्ध करत नाही. समजायला सोपी होईल अशा क्रमाने मांडतो. यात फसवणूक नाही, कारण वाचणाऱ्याला आपल्या भटकंतीचा इतिहास नको असतो, आज उभ्या असलेल्या वस्तूचा अर्थ हवा असतो. तेच आणखी एक गोष्ट सांगतात: जे मार्ग आपण सोडून दिले त्यांची नोंद कारणासह ठेवावी, म्हणजे पुढचा माणूस त्याच आडवाटेला उत्साहाने लागणार नाही.

स्पष्टीकरण कोणासाठी, असा प्रश्न येतो तेव्हा आपण बहुधा दुसऱ्या प्रोग्रामरचाच विचार करतो. पण पडद्यासमोर बसलेला माणूसही अर्थ लावतच असतो आणि त्याच्याजवळ कोड नसतो. ‘खाते हटवा’ असे बटण असेल तर काय हटते, काय उरते, किती दिवस उरते आणि परत आणता येते का, या चार प्रश्नांची उत्तरे त्या शब्दात असली पाहिजेत किंवा त्याच्या शेजारी. ‘अवैध तारीख’ असे म्हणणारा मेसेज काहीच सांगत नाही. ‘वर्गणी सुरू होण्याची तारीख ती संपण्याच्या तारखेच्या आधीची हवी’ असे म्हणणारा मेसेज प्रणालीतला एक नियम शिकवून जातो. असा मेसेज लिहायला बसल्यावर, त्या दोन तारखा एकच असल्या तर चालते का, हा प्रश्न आपोआप पडतो, आणि कित्येकदा तो आधी कोणालाच पडलेला नसतो. टेस्टच्या नावांचेही तसेच. ‘मुदत संपल्यानंतर पंधराव्या दिवसापर्यंत अंक उघडतो, सोळाव्या दिवशी उघडत नाही’ असे नाव दिले की लगेच कोणीतरी विचारते, पंधरावा दिवस कोठल्या घड्याळाने?

अलीकडे सांगितलेले काम ऐकून कोड लिहून देणारी साधने आली आहेत आणि मीही ती वापरते. ती आल्यामुळे अर्थ ठरवण्याचे काम कमी झाले नाही, उलट उघडे पडले. ‘अ‍ॅक्टिव्ह वर्गणीदारांची यादी दे’ असे म्हटले तर ते साधन त्या शब्दाचा काहीतरी अर्थ लावते आणि यादी देते, अगदी माझ्या त्या चार सहकाऱ्यांसारखे, फक्त काही सेकंदांत.

त्या कॉलमचे पुढे काय झाले ते सांगते. आम्ही चारही भागांच्या लोकांना एकत्र बसवले आणि ‘अ‍ॅक्टिव्ह’ हा शब्द न वापरता आपली गरज सांगायची, एवढाच नियम ठेवला. पहिला अर्धा तास फार अवघड गेला. मग वाक्ये येऊ लागली. ‘वर्गणी भरलेली’, ‘प्रवेश खुला’, ‘पत्रास संमती’ आणि ‘अलीकडे वाचलेला’ असे चार शब्द त्यातून निघाले. त्यांपैकी पहिला आणि शेवटचा साठवायची गरजच नव्हती. ते भरणा आणि वाचन यांच्या तारखांवरून केव्हाही काढता येत होते. जुना कॉलम पूर्णपणे निघेपर्यंत तीन महिने गेले, आणि त्यातला कोड बदलण्याचा वेळ सर्वांत थोडा होता. अहवालातले आकडे अजूनही वेगवेगळे येतात, पण आता त्यांची नावेही वेगवेगळी असल्यामुळे ते जुळत नाहीत अशी तक्रार कोणी करत नाही.

एक कॉलम मात्र आम्हाला सोडवता आला नाही. त्याचे नाव ‘स्पेशल’ आहे. थोड्याच नोंदींपुढे तेथे ‘होय’ आहे, त्या सगळ्या फार जुन्या आहेत, आणि त्या कोणी व कशासाठी तशा केल्या हे सांगणारे कोणी उरलेले नाही. स्मरणपत्रांचा भाग तो वाचतो आणि त्या लोकांना पत्र पाठवत नाही. काढून टाकावा, तर ज्यांनी कदाचित पत्र न पाठवण्याची विनंती केली असेल त्यांना पत्रे जातील. शेवटी मी त्याच्या शेजारी लिहिले: ‘याचा अर्थ आम्हाला ठाऊक नाही. सध्या हा एकाच ठिकाणी वाचला जातो आणि त्याचा परिणाम एवढाच की स्मरणपत्र जात नाही. नव्या नोंदींसाठी वापरू नये.’ काही दिवसांनी मी ती फाइल उघडली तेव्हा त्याखाली त्या सहकाऱ्याने एक ओळ वाढवली होती: ‘अर्थ कळल्यास येथे लिहावा, आणि कसा कळला तेही लिहावे.’